पुठ्ठ्याचा कीबोर्ड

पवन माझा चुलतभाऊ. परळीला टायपिंगच्या क्लासला जायचा. आमच्या शाळेतल्या टेबलावरचा पुठ्ठ्याचा कीबोर्ड बघून तो खो खो हसला. "असं नसतंय गं वने! अक्षरं उलटीपालटी असत्यात." मी त्याच्या पाठीत धपाटाच घातला. बबन गुरुजींनी पट्टी धरून स्वतःच्या हातानं आखलेला पुठ्ठा, आणि हा दीडशहाणा आला चुका काढायला!

तरी मनात किडा वळवळला, म्हणून गुरुजींना विचारलं. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "टायपिंगचं वेगळं, कम्पुटरचं वेगळं. ए बी सी डी सरळ ओळीनं सोडून कोण कशाला वाकडं लावंल?" मला लई पटलं.

आमच्या गावात तेव्हा एसटीडी फोनचा पिवळा डबा आला होता, तेच कवतिक. कम्पुटर कुणी पाहिलाय! तालुक्यात एक आला होता, आणि ज्या शाळेचं लेकरू त्याच्यावर आपलं नाव-गाव नीट छापील, त्या शाळेला तो मिळणार होता. गुरुजींनी मला निवडलं. रोज प्रार्थना झाली की पुठ्ठ्यावर बोटं. खाली बघायचं न्हाई. "बोटांना डोळे फुटले पाहिजेत, वने." फुटले बी. आईनं तर अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं, आमची वनिता शाळेला कम्पुटर आणतीय.

कार्यक्रम सिरसाळ्याच्या मोठ्या शाळेत होता. मी ऐटीत खुर्चीवर बसले आणि मान वर ठेवून नाव छापलं. पडद्यावर आलं एक्स, क्यू, एफ आणि काय काय. मागं पोरं फिसकन हसली. मी पुन्हा छापलं, पुन्हा तेच. तेव्हा कुठं खाली बघितलं. ए त्या जागेवर नव्हताच! तिथं क्यू होता, शेजारी डब्ल्यू. पवन्या खरंच बोलत होता. माझे कान असे तापले, वाटलं धरणीनं पोटात घ्यावं.

कम्पुटर द्यायला आलेले साहेब चांगले होते. "बाळ, कुणी शिकवलं तुला?"

मी मागं बघितलं. गुरुजी दारापाशी उभे होते, नजर चपलांवर. माझ्या तोंडून निघून गेलं, "गुरुजींनी बरोबर शिकवलंवतं. मीच इसरले."

मला वाटलं, आता गुरुजी बोलतील. बोलले.

"पोरगी जरा मंद हाय, साहेब."

कम्पुटर सिरसाळ्यातच राहिला. एसटीत गुरुजींनी मला भज्यांचा पुडा दिला. मी तो मांडीवर तसाच धरून बसले, तेल परकराला लागलं. गल्लीत शिरताना तोंड कुठं लपवावं कळंना. आईनं परकरावरचा तेलाचा डाग तेवढा घासून काढला, ते तर जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठा आपल्या जागेवर. गुरुजी सगळ्यांकडं बघत होते, मला सोडून. "चला, बोटं ठेवा. ए, बी, सी."

मला असला संताप आला! उठले, टेबलावरचा स्केचपेन घेतला आणि पुठ्ठ्यावरच्या ए वर क्यू लिहिला. बी वर डब्ल्यू. मग ई, आर, टी, वाय. छडी बसली तर बसू दे, म्हणलं. पण हात तिथंच थांबला. काल भरल्या डोळ्यांनी तेवढंच दिसलं होतं.

"पुढं?" गुरुजी माझ्या मागं येऊन उभे होते.

"ठाऊक न्हाई, गुरुजी."

त्यांनी माझ्या हातातला स्केचपेन घेऊन त्याला टोपण लावलं. मग पोरांकडं वळले. "मला बी ठाऊक न्हाई. मी कम्पुटर कधी पाहिलाच नव्हता. अंदाजानं आखलं. वनिता मंद न्हाई."

"हे काल तिथं म्हणायचं होतं, गुरुजी," मी म्हणाले.

"व्हय," ते म्हणाले. "काल म्हणायचं होतं."