नववा राजा

टिटवी म्हणे पाय वर करून झोपते, आभाळ कोसळलंच तर झेलता यावं म्हणून. मामाने भाचीला टिटवी म्हणायला सुरुवात केली ती यावरूनच, आणि ते नाव असं चिकटलं की हजेरीपटाबाहेर तिचं खरं नाव कुणी घेईना. सोळा वर्षांची ही मुलगी रोज कुठलं ना कुठलं आभाळ झेलायला सज्ज असायची. फळ्यापाशी बोलावलं तर? दुकानदाराने सुटे मागितले तर? आणि सगळ्यांत मोठं आभाळ म्हणजे, कुणी काही विचारलं आणि उत्तर आलंच नाही तर? नुसत्या विचाराने येत असलेली उत्तरंही पळून जायची.

एका विषयात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. शेकडो वर्षांपूर्वी त्यांच्या गावावर एक राजघराणं राज्य करून गेलं होतं. आपला वंश चंद्राच्या मुलीपासून सुरू झाला, असं ते राजे बेधडक सांगत. या घराण्याच्या वेडाने झपाटलेल्या साठ-सत्तर पोरापोरींचा फोनवर एक ग्रुप होता. कुणी राण्यांची चित्रं काढायचं, कुणी लढायांच्या गोष्टी लिहायचं. चंद्राची मुलगी शिडीने उतरली की पाय घसरून पडली, यावर तर तीन महिने हमरीतुमरी चालली होती. चार माणसांत तोंड न उघडणारी टिटवी या ग्रुपवर सगळ्यांना पुरून उरायची.

या घराण्याच्या इतिहासात आठव्या राजानंतर सात वर्षं कोरी आहेत. ना शिलालेख, ना नाणं, ना कुणाचं पत्र. टिटवीने त्या मोकळ्या जागेत स्वतःचा एक राजा बसवला, भित्रा राजा. त्याला घोड्यांची भीती, तुतारीची भीती, भर दरबारात बोलायची तर फारच भीती. म्हणून त्याने सात वर्षं एकही लढाई केली नाही, शेजारच्या राजांना नुसती गोडगोड पत्रं लिहिली. तिने त्याच्यावर एकवीस गोष्टी लिहिल्या. ग्रुपला तो इतका भावला की सगळे त्याला यादीत धरून नववा म्हणू लागले. खऱ्या राजांनी रक्त सांडून नाव कमावलं आणि हा कानामागून आला नि तिखट झाला.

टिटवीची आई एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. सुईला घाबरणाऱ्यांना ती सांगे, "काहीतरी ओळीने म्हणत राहा, तेवढ्यात मी माझं काम उरकते." कुणी पाढे म्हणे, कुणी सासरच्या माणसांची नावं घेई आणि ती घेताना सुईपेक्षा जास्त कळवळे. हाच उपाय तिने लेकीला दिला होता. छातीत धडधडायला लागलं की टिटवी राजे म्हणायची, पहिल्यापासून बाराव्यापर्यंत. बारावा येईस्तोवर श्वास ताळ्यावर यायचा.

शाळेने त्या वर्षी प्रत्येकाला दहा तास समाजसेवा लावली, तेव्हा टिटवीने गावातलं छोटं संग्रहालय निवडलं. मागच्या खोलीत बसायचं, मडक्यांचे तुकडे मऊ ब्रशने झाडायचे, चिठ्ठ्या चिकटवायच्या. मडकी प्रश्न विचारत नाहीत. दर रविवारी ती तिथे इतकी सुखात असे की संग्रहालयाच्या बाईंना वाटलं, हिच्यासारखी शांत मुलगी शोधून सापडायची नाही.

चौथ्या रविवारी माहिती सांगणाऱ्या काकांचा घसा बसला. पूर्ण बसला, नुसता वारा येत होता. आणि बाहेर सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळातले सोळा आजी-आजोबा तिकिटं काढून उभे.

"तू घे त्यांना," बाई म्हणाल्या. "नाण्यांचं दालन तेवढं. तुला सगळं पाठ आहे, मी ऐकलंय तुला पुटपुटताना."

टिटवीच्या तोंडचं पाणी पळालं. ती थेट हात धुवायच्या जागी गेली आणि आईला फोन लावला.

"आई, मला नाही जमणार. मी घरी येते."

"ये की," आई म्हणाली. "पण माझ्यासमोर आत्ता एक पैलवान बसलाय. दंड माझ्या मांडीएवढे, नि सुई बघून पांढरा पडलाय. तोही थांबलाय बघ. जरा राजे म्हणून बघ, नाहीच जमलं तर ये."

मग टिटवी बाहेर आली, मंडळींना घेऊन नाण्यांच्या कपाटापुढे उभी राहिली आणि राजे म्हणू लागली, मोठ्याने, इतकंच काय ते वेगळं. पहिला, ज्याने किल्ला बांधला. दुसरा, ज्याने तो भावाला देऊन टाकला. तिसरा, ज्याचा राज्याभिषेक दोनदा झाला, कारण पहिल्या वेळी पावसाने सगळे पळाले. आजी-आजोबा हसले. टिटवी चमकली. लोक हसू शकतात, आणि तेही तिच्यावर नाही, हे तिला नवीनच होतं. तिचा आवाज मोकळा झाला. सातवा, आठवा, "आणि नववा भित्रा राजा," असं म्हणत ती पुढे सुटली. घोड्यांची भीती, तुतारीची भीती, सात वर्षांत एकही लढाई नाही. ही गोष्ट तर तिच्या तोंडात बसलेलीच होती.

"अगंबाई, कित्ती गोड!" एक आजी म्हणाल्या.

पुढे उभे असलेले एक निवृत्त पोस्टमन आजोबा कधीपासून एका जाड वहीत सगळं टिपून घेत होते. त्यांनी पेन थांबवून कपाटाकडे पाहिलं. "बाळ, या नवव्याचं नाणं दिसत नाही ते?"

तेव्हा कुठे टिटवीला कळलं की आपण काय बोलून बसलो. कान तापले. माहीत नाही, असं म्हणायला तिची जीभ उचलेना. त्या दोन शब्दांची तिला आयुष्यभर धास्ती होती.

"त्याने नाणं पाडलंच नाही," ती म्हणाली. "त्याला... आपला चेहरा सगळीकडे फिरलेला आवडायचा नाही."

"वा!" आजोबांनी ते झरझर लिहून घेतलं. "नातवाला वाचून दाखवतो. तोही भारी घाबरट आहे लेकाचा."

उरलेले राजे तिने कसेबसे उरकले. शेवटी टाळ्या वाजल्या. दाराशी उभ्या राहून शेवटचा भाग ऐकणाऱ्या बाईही म्हणाल्या, "छान बोललीस गं!" टाळ्या टिटवीला आवडल्या. खोटं कशाला बोला, फारच आवडल्या. पण मागच्या खोलीत येऊन ब्रश हातात घेतला तरी तिचं मन मडक्यात लागेना. ग्रुपवर सगळ्यांना ठाऊक होतं की नववा आपला आहे. या आजोबांना ठाऊक नव्हतं. चूक तोंडातून निसटली होती, ते ठीक. नाण्याचं मात्र तिने समजून उमजून ठोकून दिलं होतं. आणि ते आता शाईने लिहिलेलं, एका घाबरट नातवाकडे निघालं होतं. ज्या राजांवर तिचा इतका जीव होता, त्यांच्या रांगेत तिने एक तोतया घुसवला होता. कुणाला कधी कळलंही नसतं. तिला कळत होतं, तेवढं पुरे होतं.

ती उठली. फाटकाबाहेर बस उभी होती आणि मंडळी चढायच्या गडबडीत होती. टिटवीने राजे म्हणायला सुरुवात केली आणि पहिल्यावरच थांबली. आज राजे म्हणून भागणार नव्हतं.

"आजोबा, थांबा." आवाज इतका बारीक निघाला की कुणी वळलं नाही. तिने पुन्हा हाक मारली आणि मग सोळाच्या सोळा माना वळल्या.

"नववा राजा खोटा आहे. मी बनवलेला आहे. गोष्टीतला. त्याचं चुकून बोलले मी, पण नाण्याचं चुकून नाही बोलले. मला उत्तर येत नव्हतं म्हणून थाप मारली."

बसचा ड्रायव्हरसुद्धा खिडकीतून डोकं काढून बघत होता.

पोस्टमन आजोबांनी वही उघडली, ते पान शोधलं आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "मग त्या सात वर्षांत खरं काय झालं?"

"माहीत नाही," टिटवी म्हणाली.

"म्हणजे तुला माहीत नाही, की कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही. बाईंनाही नाही."

"अस्सं." आजोबांचा चेहरा चक्क खुलला. "हे तर जास्त झकास आहे की. सात वर्षं राज्य चाललंय आणि पत्ताच नाही कुणाचा!"

"मला मेला तो भित्राच आवडला होता," मघाच्या आजी म्हणाल्या. "खोटा तर खोटा. गोष्ट पाठव हो मला."

मग प्रश्नांची अशी झोड उठली की विचारू नका. राणी होती का कुणी? माहीत नाही. दुष्काळ पडला असेल का? पडला असेल, माहीत नाही. चंद्राची मुलगी शिडीने उतरली की पडली? यावर टिटवी हसली आणि म्हणाली, यात पडू नका, महिने जातात. माहीत नाही, माहीत नाही, असं ती सात-आठ वेळा म्हणाली असेल. दर वेळी समोरचं माणूस मान हलवी आणि पुढचं विचारी. तिला इतकं हलकं वाटत होतं की ड्रायव्हरने हॉर्न दिला त्याचा तिला राग आला.

आजोबांनी वही तिच्यापुढे धरली. "मी खोडाखोड करत नाही कधी. तूच लिही शेजारी. आणि खाली सही कर. चाळीस वर्षं सहीशिवाय कुणाच्या हातात रजिस्टर पत्र दिलं नाही मी. नातवालाही तसंच देणार."

बसच्या पायरीवर वही टेकवून टिटवीने नवव्या राजाच्या शेजारी लिहिलं, 'हा राजा मी रचला. खरा राजा कोण होता, मला माहीत नाही.' खाली तिने आपलं खरं नाव घातलं, आडनावासकट. सही जरा वाकडी आली. पण सहज वाचता येत होती.