माझ्या पाठीवरचा वारा

“बाबा, हळू! ते काही खारवलेल्या कोबीचं पिंप नव्हे!”

मित्रांनो, या घरात माझ्या कानी पडलेला पहिला आवाज तो. मी एक जुना संगणक आहे. माझे भाग कुठल्या कुठल्या देशांत घडले, कुणाच्या हातांनी जुळवले गेले, ते मला सांगता येणार नाही. माझा जन्म मी त्या आवाजापासूनच मोजतो. स्वेतोझार नावाचा एक धिप्पाड नावाडी मला छातीशी कवटाळून, अंगणात पाळलेल्या हंसांतून वाट काढत चालला होता आणि त्याची लेक नेवेना दोन्ही हात पुढे करून त्याच्यापुढे उलटी चालत होती. जणू मी पडलोच, तर ती मला झेलणार होती.

माझी जागा स्वयंपाकघरात ठरली. आमच्याकडे हिवाळ्यात घर म्हणजे चुलीजवळची ती एक खोली. शिलाई मशीनच्या टेबलावर माझा पडदा बसला, शेजारच्या स्टुलावर माझं धड. धडाची पाठ चुलीजवळच्या बाकाकडे होती आणि पडद्याचं तोंडही तिकडेच वळवलेलं होतं, कारण सगळे बसत ते त्याच बाकावर. संध्याकाळी नेवेनाची आई पेर्सिदा आली आणि तिने माझ्या डोक्यावर विणलेला पांढराशुभ्र रुमाल घातला. त्याची झालर माझ्या पाठीवर पार खाली लोंबत होती. आमच्या गावात ज्या वस्तूचा मान असतो तिला असा रुमाल मिळतो. रेडिओला होता, पावाच्या टोपलीला होता, आता मलाही मिळाला. मी धन्य झालो.

ती वर्षं सुखाची होती. नेवेना माझ्यापुढे बसून अभ्यास करी. शेजारीपाजारी मला पाहायला येत. स्वेतोझार तिसा नदीवरून येताना ओल्या बुटांनीच आत शिरे आणि विचारी, “काय रे शहाण्या, उद्या पाण्याला चढ आहे की उतार?” मला ते ठाऊक नसे. मग तो खूश होऊन म्हणे, “बघा! एवढा शिकलेला, पण नदीतलं काही कळत नाही.”

मग नेवेना परिचारिका झाली आणि दूर उत्तरेला, नॉर्वेला गेली. तिला पलीकडच्या तीरावरच्या बसपर्यंत सोडायला होता तो बापाचाच इंजिनाचा तराफा. नदीच्या मधोमध इंजिन बंद पडलं. बस चुकता चुकता राहिली. मी तिथे नव्हतो, पण ही गोष्ट या चुलीपाशी इतक्यांदा निघाली, की मला ती डोळ्यांनी पाहिल्यासारखी वाटते. नेवेनाच्या मनात एकच सल होता. त्या सगळ्या वेळात बाबा तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. तिच्याकडे पाठ करून ते इंजिनाशीच खाटखूट करत राहिले.

ती गेली, तशी कणीक मळताना पेर्सिदा गुणगुणू लागली:

अलीकडं माझी चूल, पलीकडं माझी लेक
मधी वाहे तिसा नदी, सांगू कुणा गोष्ट एक?

पुढे माझ्या माथ्यावर एक छोटा कॅमेरा बसला आणि दर रविवारी नेवेना माझ्या पडद्यावर येऊ लागली. आई भरभरून बोले. स्वेतोझार बाकाच्या पार टोकाला बसे आणि नुसतं ऐके. नात झाली, लेना, तेव्हा तो थोडा सरकला. आधी त्याचा कान दिसू लागला. लेनाने विचारलं, “आजोबांना एकच कान आहे का?” पुढच्या रविवारी त्याने दोन्ही कान दाखवले.

मित्रांनो, सुख असंच चालू राहिलं असतं. पण त्या शरद ऋतूत मोठं वादळ झालं. वीज कडाडली, माझ्या आत जळका वास सुटला आणि मी अंधारलो.

शुद्धीवर आलो तेव्हा समोर तिहोमीर होता. चष्म्याच्या काडीपासून ट्रॅक्टरपर्यंत गावातलं सगळं दुरुस्त करणारा हा माणूस. त्याने माझा जळालेला पॉवर सप्लाय काढून दुसऱ्या एका मोडक्या संगणकाचा बसवला होता. त्याचा पंखा दांडगा होता. माझ्या पाठीतून असा वारा सुटला, की रुमालाची झालर फडफडू लागली.

“हा आता बैलासारखा धावेल, काकू,” तिहोमीर म्हणाला.

पण मी धावलो नाही. थोडा वेळ बरा चाले, मग आतून तापे आणि एकाएकी माझा पडदा काळा होई.

आणि नेमका तो रविवार आला. नेवेना म्हणाली, “बाबा, निकोलाच्या सणाला लेनाला घेऊन यायचं म्हणतेय. आई ‘ये’ म्हणणार, ते मला ठाऊक आहे. आम्ही तुम्हाला हव्या आहोत का, ते तुम्ही सांगा.”

संत निकोला आमच्या घराचा संत, आणि साऱ्या नावाड्यांचाही. स्वेतोझार पुढे वाकला. त्याचे ओठ हलले. आणि मी विझलो.

पेर्सिदाने धावत जाऊन फोन लावला. त्या फोनमधला आवाज चुलीपर्यंत ऐकू येई.

“अगं, मशीन मेलं गं!”

“नेमकं तेव्हाच?” नेवेना म्हणाली. “बाबांना दे.”

स्वेतोझारने हात झटकला. “चेहरा दिसत नाही तिथे काय बोलू? भिंतीशी?”

“राहू दे, आई. पुढच्या रविवारी पुन्हा विचारते. तेव्हाही मशीन मेलं, तर मी समजायचं ते समजेन.”

तो आठवडा माझी परीक्षाच होती. तिहोमीरने मला उघडलं. रॅमच्या पट्ट्या काढल्या, खोडरबराने घासल्या, एकेक लावून पाहिली. हार्ड डिस्क तपासली. फुगलेलं काही आहे का म्हणून मदरबोर्डवर टॉर्च धरून नाक लावून बघितलं. मला आपल्या दुकानात नेलं, तिथे मी दिवसभर न थकता चाललो. घरी आणलं, तर संध्याकाळी पुन्हा काळोख.

“काका, हा तुमच्या घरावर रुसलाय,” तिहोमीर डोकं खाजवत म्हणाला.

“माझ्या घरात रुसायची पाळी माझी असते,” स्वेतोझार म्हणाला.

मित्रांनो, मला कारण ठाऊक होतं! पण मला पडदा आहे, जीभ नाही.

आमच्याकडे लोक लांडग्याला भीत नाहीत इतके वाऱ्याच्या झोताला भितात. मानेला झोत लागला की मान आखडते, कानाला लागला की कान जातो, आणि नदीवर भिजून झिजलेल्या गुडघ्यांना लागला, तर माणूस अंथरूण धरतो. माझ्या नव्या पंख्याचा झोत थेट बाकाकडे, स्वेतोझारच्या गुडघ्यांवर येत होता. म्हणून पेर्सिदाने काय केलं? त्याचा जाड लोकरी मोजा माझ्या पाठीच्या जाळीत गच्च कोंबला. वरून रुमालाची झालर, म्हणजे दिसायला नको. आणि फाटकापाशी कुत्रा भुंकला, पाहुणा आला, की ती आधी तो मोजा ओढून एप्रनच्या खिशात टाकी. परक्या माणसासमोर घरात मोजा लोंबताना दिसणं बरं का? पाहुणा गेला, की मोजा परत माझ्या पाठीत. दोन्ही वेळा तिच्या मनात मायाच होती. गुदमरत होतो तो मी.

रविवार उजाडला. तिहोमीरने येऊन मला पुन्हा पाहिलं, चालू केलं, राकियाचा, म्हणजे आमच्या फळांच्या दारूचा, पेला रिकामा केला आणि उठला. “निघतो. बाप-लेकीच्या बोलण्यात तिसरा कशाला?”

दार लागलं. पेर्सिदाचा हात खिशात गेला. मोजा बाहेर आला. माझ्या पाठीवरची झालर उचलली गेली. मी मनात म्हटलं, संपलं आता.

तेवढ्यात दार उघडलं. “काकू, माझा स्क्रू ड्रायव्हर राहिला...”

तिहोमीर थबकला. त्याची नजर मोज्यावर, मग माझ्या जाळीवर, मग पुन्हा मोज्यावर.

“काकू, हे काय?”

पेर्सिदा बीटासारखी लाल झाली. “त्याच्या गुडघ्यांना झोत लागतो रे.”

“आणि मी याची आतडी काढून धुतली आठवडाभर! अहो, हा इथून श्वास घेतो! तोंडात बोळा कोंबून कुणी बोलेल का?”

“तो माझा मोजा!” स्वेतोझार बाकावरून गरजला. “अगं म्हातारे, वादळापासून मी एका पायाने गारठतोय!”

“पायाने गारठलास, गुडघे तर शाबूत राहिले ना, म्हाताऱ्या?”

तिहोमीर हसत हसत खाली बसला, मग मोजा स्वेतोझारच्या हाती देऊन, स्क्रू ड्रायव्हर घेऊन निघून गेला. पेर्सिदाने डोळे पुसले, पेटीतून जाड घोंगडी काढली आणि नवऱ्याच्या गुडघ्यांभोवती लपेटली. माझ्या डोक्यावरचा रुमालही तिने काढला. मला जरा उघडंबोडकं वाटलं, पण पाठीतून वारा मोकळा वाहू लागला.

नेवेना पडद्यावर आली. मागे लेना उड्या मारत होती. “बाबा?” ती एवढंच म्हणाली.

स्वेतोझारने वाकून एक ओंडका आत सारला. चुलीत लाकूड फुटलं. एरवी एवढ्या वेळात मी विझलो असतो. आज मी जागा राहिलो. मित्रांनो, आम्हा जुन्यांचं मागणं फार नसतं. आम्हाला मखमल नको, रुमालाचा मानही नको. आमच्या पाठीशी थोडी जागा मोकळी ठेवा आणि आम्ही अडखळलो, तर टाकून देण्याआधी एकदा मागे हात लावून पाहा, आमचा श्वास कुठे कोंडलाय का.

स्वेतोझारने घोंगडीवरून गुडघे चोळले.

“त्या दिवशी नदीत इंजिन बंद पडलं होतं, आठवतं?”

“कशी विसरेन? बस चुकत होती माझी. तुम्ही इंजिनाशी भांडत होता. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत.”

तो सरकत सरकत अगदी कॅमेऱ्यासमोर आला. त्याचा सगळा चेहरा, दोन्ही कानांसकट, तिला दिसत असणार.

“नेवेना,” तो म्हणाला, “इंजिन बंद पडलं नव्हतं. मीच बंद केलं होतं.”