खराब हवामान

मला खोटारडी ठरवलं ते एका विमान कंपनीने.

आई गेली तेव्हा मी इटलीत, बेर्गामोला एका म्हातारीची शुश्रूषा करत होते. आमच्या देशात, याश शहराजवळच्या गावात, तिसऱ्या दिवशी माती देतात. त्याआधी घरच्यांनी शेवटचा मुका घ्यायचा. मी विमानतळावर पोचले, तर तिथली पोरगी म्हणाली, "पायलट आलेत, पण दोन हवाईसुंदऱ्या कमी आहेत. उड्डाण रद्द." पुरेशी माणसं न नेमता तिकिटं विकायला यांना लाज कशी वाटत नाही! मोबाइलवर मात्र कंपनीचा निरोप आला : याशमधील खराब हवामानामुळे. मी रडत रडत, न वाचताच तो भावाला, नेकुलाईला, पाठवला.

नेकुलाई तेव्हा भर उन्हात शवपेटीजवळ उभा होता. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. "बाईसाहेबांना यायचंच नव्हतं," तो गावादेखत म्हणाला. माझ्याशिवाय आईला पुरलं. मी नंतर घसा फोडून खरं सांगितलं, तर म्हणे, "आता गोष्ट बदललीस?" तेव्हापासून बोलणं बंद.

म्हणून मी कंपनीवर भरपाईचा दावा लावला. कंपनीचा वकील तुदोसे गोड बोलला. "बाई, पूर्ण भरपाई देतो. कारणाचा कीस कशाला पाडता?"

"पैसे ठेवा तुमच्याकडे. कर्मचारी नव्हते, एवढं लिहून द्या."

"हवामान म्हटलं की भरपाई द्यावी लागत नाही. तसं लिहिलं तर विमानातले बाकीचेही दारात उभे राहतील."

"राहू देत! तुमचं पाप माझ्या डोक्यावर का?"

तो हसला. त्या हसण्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी कंपनीने गुपचूप माझ्या खात्यात रक्कम भरली. कागदावर मागणी पैशांचीच होती; ती पुरी झाली म्हणून न्यायाधीशबाईंनी प्रकरण बंद केलं. कारणाबद्दल एक अक्षर नाही.

मी तशीच नेकुलाईच्या फाटकाशी गेले. "त्यांनी पैसे दिले. म्हणजे चूक त्यांचीच ना?"

"तसं लिहून दिलं?"

"नाही."

"किती दिले?"

"अडीचशे युरो."

"आईच्या मातीला न आल्याचे अडीचशे. बरे मिळाले, ताई."

त्याने कडी लावली. मी फाटक दोन्ही हातांनी गदागदा हलवलं, कंपनीला, वकिलाला आणि त्यालाही शिव्या घातल्या. तो मागे न बघता घरात गेला.