पंच्याहत्तर मिलिमीटरचा साक्षीदार

माझे सासरे चौतीस वर्षं वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होते. निवृत्तीने त्यांच्यात पडलेला फरक एवढाच, की पूर्वी ते दुकानदारांकडे ज्या नजरेने बघत त्या नजरेने आता माझ्याकडे बघतात. घरातला वजनकाटा त्यांनी दोनदा नापास केला. तिसऱ्यांदा सासूबाईंनी तो त्यांच्या दृष्टीस पडूच दिला नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गॅरेजमधली गाडी रस्त्यावर काढली, ती कायमचीच, आणि तिच्या जागी एक जुनं मिलिंग मशीन आणलं. वर फिरणारं हत्यार, खाली सरकणारं टेबल. टेबलावर लोखंड आवळायचं आणि हवं तिथे कापायचं किंवा भोक पाडायचं. टेबल किती सरकलं हे चाकावरच्या पुसट रेघा मोजून कळायचं. यंदा त्यांनी त्याला डिजिटल रीडआउट बसवून घेतला. म्हणजे टेबलाच्या पाठीला एक मोजपट्टी आणि डोळ्यांसमोर एक डबी, जिच्यात टेबल किती सरकलं ते हिरव्या आकड्यांत दिसतं, तेही मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत.

नवा रीडआउट तपासून घ्यायचा असतो हे मलाही मान्य आहे. कुणीही शहाणा माणूस तो तपासतो आणि कामाला लागतो. सासरे तपासण्यालाच काम समजतात.

नेमकं त्याच आठवड्यात माझ्या बायकोच्या, पुस्तकं दाबायच्या प्रेसचं जू तुटलं. तिचं पुस्तकबांधणीचं छोटं दुकान आहे. शुक्रवारी संध्याकाळी पाचला विद्यापीठात प्रबंध जमा करायची मुदत संपत होती आणि एकतीस संशोधकांचे प्रबंध तिच्याकडे बांधायला पडले होते. सहा-सहा वर्षं ज्यांनी एकही मुदत पाळली नव्हती, ती मंडळी आता दर दोन तासांनी फोन करून तिला वक्तशीरपणाचं महत्त्व पटवून देत होती. प्रेस बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. बाहेरचे वर्कशॉपवाले दहा दिवसांच्या खाली बोलायला तयार नव्हते. उरले बाबा.

काम तसं सोपं होतं. जू म्हणजे प्रेसवरची आडवी लोखंडी पट्टी. तिला दोन भोकं, त्यांतून प्रेसचे दोन खांब जातात. भोकांमधलं अंतर बरोबर दोनशे चाळीस मिलिमीटर हवं. केसभर इकडेतिकडे झालं की जू खांबांवर अडकून बसणार.

"सोमवारपर्यंत होईल ना, बाबा?" बायकोने विचारलं.

"आधी रीडआउट पास होऊ दे."

रीडआउट पास करायला त्यांच्याकडे एक स्लिप गेज होतं, म्हणजे ठरलेल्या लांबीचा कडक पोलादी ठोकळा. पंच्याहत्तर मिलिमीटर, ना कमी ना जास्त. निरोप समारंभात सहकाऱ्यांनी दिलेला. इतरांना भिंतीवरचं घड्याळ मिळतं, पण सासऱ्यांना घड्याळ द्यायची कुणाची छाती झाली नसावी. ठोकळा मखमलीच्या पेटीत असतो, हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही आणि त्याच्यासमोर शिंकायचं नाही. आमच्या लग्नात मला एवढा मान मिळाला नव्हता.

पद्धत अशी: टेबलावर एक अडणी, म्हणजे न हलणारा टेकू, पक्की करायची, तिला ठोकळा टेकवायचा. वरून लटकवलेला काट्याचा डायल ठोकळ्याच्या मोकळ्या टोकाला टेकवून काटा शून्यावर आणायचा आणि रीडआउटही शून्य करायचा. मग ठोकळा काढून घ्यायचा आणि काटा अडणीला टेकून पुन्हा शून्यावर येईपर्यंत टेबल सरकवायचं. डबीत पंच्याहत्तर पूर्णांक शून्य शून्य आलं पाहिजे.

चौऱ्याहत्तर पूर्णांक शहाण्णव आलं.

"लिहा, जावईबापू," सासरे म्हणाले. मी लिहिलं. मला सुट्टी होती, आणि ती कशी घालवायची हे मला कुणी विचारलं नव्हतं.

शनिवारी ते अकरा वेळा आलं, रविवारी चौदा वेळा. मधल्या काळात मशीनचा पाया पाण्याच्या लेव्हलने तपासून झाला, मोजपट्टीचे स्क्रू सैल करून पुन्हा आवळून झाले, गॅरेजचं दार बंद ठेवून तापमान सारखं करण्यात आलं. सासूबाई जेवायला बोलवायला आल्या तर त्यांच्यामुळे अर्धा अंश वाढतो म्हणून त्यांना बाहेरूनच परत पाठवण्यात आलं. त्यावर त्या जे म्हणाल्या ते वहीत नाही.

रीडआउटवाल्याला फोन झाला. त्याचं म्हणणं, पट्टी कारखान्यातून तपासूनच येते, तेव्हा साहेबांनी एकदा आपला ठोकळाही पडताळून घ्यावा. यावर सासऱ्यांनी त्याला आपल्या नोकरीचा पूर्वार्ध ऐकवला. उत्तरार्धाला त्याने फोन ठेवला. मग त्यांनी पुस्तिका उघडली, रीडआउटमध्ये दुरुस्तीचा आकडा भरला आणि पुन्हा मोजलं. पंच्याहत्तर पूर्णांक शून्य शून्य. खाली सही केली, माझीही साक्षीदार म्हणून घेतली.

सोमवारी जू तयार झालं. देखणं झालं होतं, खोटं कशाला बोला. दुकानात नेऊन आम्ही ते खांबांवर ठेवलं. दोन बोटं खाली गेलं आणि अडकलं. बायकोने लाकडी हातोडीने दोन ठोके दिले, तेव्हा ते अशा ताकदीने अडकलं की काढायला संध्याकाळ गेली. त्या वेळात चार संशोधकांचे फोन आले. त्यांतल्या एकाने आपल्या मार्गदर्शकांना पुढचा महिनाभर परदेशात जायचं आहे, असंही कळवलं.

सासऱ्यांनी शांतपणे निकाल दिला. प्रेसचे खांब चुकीच्या अंतरावर आहेत.

बायको म्हणाली, जुनं जू त्याच खांबांवर वीस वर्षं वरखाली होत होतं. सासरे म्हणाले, वीस वर्षं चूक करत राहिल्याने ती बरोबर होत नाही. हे वाक्य त्यांनी नोकरीत बऱ्याच जणांना ऐकवलं असावं, इतकं ते सफाईने आलं. मग ती काहीच बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मी घरातल्या काचेच्या वस्तू मोजून ठेवतो.

मंगळवारी सगळं पहिल्यापासून. तोच ठोकळा, तीच अडणी, तोच डायल. पंच्याहत्तर पूर्णांक शून्य शून्य, सतरा वेळा. एकाच साक्षीदाराला सतरा वेळा विचारून सासरे म्हणत होते, साक्षी जुळतात. मी दबकत सुचवलं, की जुन्या जुवाचे तुकडे जोडून त्यावरूनच भोकं आखली तर? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी आपण होऊन वही उघडली.

बुधवारी सकाळी बायकोने त्यांना न विचारता रीडआउटवाल्याला बोलावलं. तो पन्नाशीचा, सर्दीने बेजार माणूस होता. सोबत त्याने स्वतःची गेजची पेटी आणली होती. त्याने आधी दुरुस्तीचा आकडा पुसून टाकला. सासरे त्याच्या मागे उभे राहून नाकातून श्वास सोडत होते. मग त्याने पन्नासचा आणि पंचवीसचा असे दोन ठोकळे एकमेकांना चिकटवले आणि मोजलं. पंच्याहत्तर पूर्णांक शून्य शून्य. शंभरचा ठोकळा लावला, शंभर आले. दहाचा लावला, दहा आले. मग त्याने सासऱ्यांची मखमली पेटी उघडली आणि ठोकळा लावला.

चौऱ्याहत्तर पूर्णांक शहाण्णव.

"साहेब," तो रुमालातून म्हणाला, "हा ठोकळा तुम्ही कशाने पुसता?"

उत्तर सासूबाईंनी दारातून दिलं. "पुसतात कसलं, घासतात. पितळेच्या पॉलिशने, दर रविवारी, अकरा वर्षं. स्वतःच्या बुटांना कधी ब्रश लावला नाही."

सासऱ्यांनी ठोकळा हातात घेतला, हातमोज्यांशिवाय. बाजूवर कोरलेली अक्षरं त्यांनी भिंगाखाली धरली. 'सप्रेम भेट' मधलं 'भेट' अजून वाचता येत होतं. बाकीचं बोटांना लागत होतं, दिसत नव्हतं. दोन्ही टोकांवरून मिळून चार शतांश गेले होते. त्या ठोकळ्यावरून बरोबर असलेला रीडआउट 'दुरुस्त' केला, तेव्हा दोनशे चाळीसवर तेरा शतांश कमी पडले. जू कुठे अडकलं ते मलाही आता कळलं, आणि मला गणितात कधी पस्तीसच्या वर पडले नव्हते.

रीडआउटवाला समजूतदार माणूस होता. इकडे हवा दमट असते, असं काहीतरी तो पुटपुटला. सासऱ्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"तराजूवाले हेच सांगायचे मला," ते म्हणाले. "साहेब, फसवायचं नव्हतं, रोज पुसून पुसून वजन झिजलं. मी एकाचंही ऐकलं नाही."

मग ते माझ्याकडे वळले. "लिहा. माप नापास."

मी लिहिलं. त्यांनी सही केली, तारीख घातली आणि तिच्याखाली नेहमीसारखी रेघ ओढली. रेघ जरा वाकडी आली.

नवं जू गुरुवारी दुपारी झालं. या वेळी तपासणी एकदाच झाली, तीही रीडआउटवाल्याच्या ठोकळ्यांवर. ते तो मागे ठेवून गेला होता. ठेवल्याशिवाय त्याला कुणी हलूच दिलं नव्हतं. मशीन चालू असताना सासरे माझ्या लिहिण्यालाही काही म्हणाले नाहीत, तेव्हा मला खरंच काळजी वाटली.

दुकानात त्यांनी स्वतः जू उचललं आणि खांबांवर टेकवलं. सोडल्याबरोबर ते तळापर्यंत सरळ उतरलं. कसला आवाज नाही, हातोडी नाही. बायकोने ते पुन्हा वर घेऊन पाहिलं, मग पहिले पाच प्रबंध फळ्यांमध्ये रचले.

"हे घरात कुणाला सांगायची गरज नाही," मी म्हटलं. हा माझा मोठेपणा होता.

"आई दारातच उभी होती," बायको म्हणाली.

"तिला सगळं नीट सांगायला हवं," सासरे म्हणाले. "ज्या चौघांनी वर्गणी काढून ठोकळा दिला त्यांनाही कळवायला हवं. नापास माप लपवणं हा गुन्हा आहे." मग म्हणाले, "चौघांपैकी दोघे राहिलेत."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. तिचे हात स्क्रूच्या चाकावर होते. चार दिवस साठवलेलं बरंच काही तिच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं आणि मी बाहेर जायचा विचार करत होतो. सासरे फळीवर तळवा टेकवून उभे होते, जू दोन्हीकडे सारखं बसलंय का ते चाचपत.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "हात काढा. दाबायचंय."

त्यांनी हात काढला.