डोंगर उजवीकडे सरकताना

“स्क्रीनच्या भरोशावर राहू नको, वर्षाली. उन्हात पाहशीन तं चांगला फोटोही काळाच दिसन. तो डोंगर पाह.”

बाबांनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. परतवाड्यात त्यांचा, म्हणजे खुशालराव फोटोवाल्यांचा, स्टुडिओ. डोंगर म्हणजे फोटोसोबत कॅमेऱ्यात दिसणारा उजेडाचा आलेख. तो चौकटीच्या उजव्या भिंतीला जाऊन चिकटला, की पांढरं जळालं समजायचं. तिथलं कापड, कातडी, काहीच उरत नाही. कॅमेरा तेवढी जागा लुकलुकवून दाखवतो. “डोळे आहेत ना मले,” म्हणत मी ते उडवून लावलं होतं.

यंदा जानेवारीत लेकीचं उष्टावण माहेरी केलं. अकोल्याहून निघताना तिला ताप नाही ना, हे मी दोनदा मोजून पाहिलं होतं. अंगणात लख्ख ऊन. माझ्या भावाने, शेखरने, मामा म्हणून तिला खिरीचं पहिलं बोट चाटवलं. बाबा फोटो काढत होते. दर फोटोनंतर स्क्रीन नाकाशी न्यायचे, बटण फिरवायचे.

“काळेच येऊन राहिले,” ते पुटपुटले.

मी कॅमेरा घेऊन सावलीत गेले. लेकीचं पांढरं झबलं आख्खं लुकलुकत होतं. अर्धा गालसुद्धा.

“बाबा, हे काय लुकलुकून राहिलं?”

“काई नाही लुकलुकत. मस्त आला.”

“गाल पाहा ना तिचा.”

“गोरी आहे माही नात. तुह्यासारखी थोडीच आहे!”

सगळे हसले. मी लेकीला आईच्या मांडीवर दिलं आणि मागचे फोटो चाळायला लागले. उजेड आपल्या हाताने किती वाढवला, तो आकडा प्रत्येक फोटोखाली असतो. होळीच्या फोटोंना शून्य. पोळ्याच्या बैलांना ०.३. दिवाळीत ०.७. डिसेंबरातल्या लग्नात १.३. आज पूर्ण दोन. डोंगर महिन्यामहिन्याने उजवीकडे सरकत गेला होता. कॅमेरा तोच, लेन्स तीच. मग अंधार वाढत होता तो कुठे?

तेवढ्यात बाबा स्कूटरची किल्ली घेऊन आले. “आण पोरीले. एक चक्कर मारून आणतो.”

मी दारात आडवी उभी राहिले. “आधी सांगा, या फोटोत माणसं किती?”

“काहून वो, परीक्षा घेतं का बापाची?” त्यांनी स्क्रीन नाकाशी नेली. “तीन. शेखर, पोरगी, तुही माय.”

उजव्या काठाला, लालभडक साडीत, मी उभी होते.

मी बोट ठेवून दाखवलं. बाबांनी मान वळवून तिथे पाहिलं. किल्ली मुठीतच राहिली.

“कवापासून?” मी विचारलं.

“पोळ्यापासून असन. मले वाटलं, कॅमेरा म्हातारा झाला.” मग हळूच म्हणाले, “कोनाले सांगू नको. उन्हाळ्यातल्या लग्नाच्या तारखा घेतल्या आहेत.”

मी सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्याच दिवशी त्यांना अकोल्याला आणलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी राखायची, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जिना उतरताना बाबांनी माझा खांदा धरला होता.

“म्हंजे थोडा डोंगर भिंतीले टेकला,” ते म्हणाले. “बाकीचा आहे अजून.”

लग्नांचे फोटो आता शेखर काढतो. बाबा स्टुडिओत बसून पासपोर्टचे फोटो काढतात. फोनवर म्हणतात, थेंब घालतो, स्कूटरला हात लावत नाही. शेखर लग्नाला गेला, की ते खरं की खोटं बघणारं तिथे कोणी नसतं. आईला तर ते सहज गुंडाळतात. माझ्या हाताशी सात महिन्यांची लेक, दर आठवड्याला जाणं होत नाही.

तुमचं परतवाड्याला जाणं झालं, तर बसस्टँडमागे बाबांकडे एक फोटो काढून घ्या. सकाळचे थेंब घातले का, एवढं विचारा. आणि निघताना दाराशी उभ्या स्कूटरच्या सीटवर बोट फिरवून बघा. धूळ असली पाहिजे.