सहा गठ्ठे आणि बारा हजार गप्पा

"अग्नी, चाक आणि वर्गीकरण या तीन शोधांवर मानवी संस्कृती उभी आहे, आणि त्यातले पहिले दोन लागले नसते तरी तिसऱ्यावर भागले असते."

हे विधान शेषराव वानखडे यांनी अमरावतीच्या साईनगरातून, मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, 'वऱ्हाडकर' नावाच्या ऑनलाइन चर्चामंचावर केले. ते मंचाच्या मुख्य पानावर झळकावे अशी त्यांची योजना होती. पण बोट जरा सरकले आणि विधान 'कूलरचं गवत कुठी भेटन?' या धाग्यात जाऊन पडले. पाचव्या मिनिटाला खाली अचलपूरच्या नत्थुजींचे उत्तर आले, "चाक नसतं तं बैलबंडी कायच्या भरोशावर चालली असती साहेब? बरं, गवत भेटलं काय तुमाले?"

शेषरावांनी उत्तरातला 'साहेब' तेवढा घेतला आणि बाकीचे सोडून दिले.

या शब्दाची त्यांना फार भूक होती. चौतीस वर्षे ते एका सरकारी कार्यालयाच्या अभिलेख शाखेत होते, शेवटची नऊ वर्षे अव्वल कारकून. निरोपाच्या दिवशी शाल आणि भिंतीवरचे घड्याळ मिळाले. पुढच्याच सोमवारी ते सहज ऑफिसात डोकावले, तर त्यांच्या खुर्चीत बसलेल्या नव्या माणसाने मान वर न करता विचारले, "काय काम आहे बाबा?" हा प्रश्न शेषरावांनी चौतीस वर्षे लोकांना विचारला होता. तो अंगावर कसा येतो, हे त्यांना त्या दिवशी कळले.

'वऱ्हाडकर' हा मंच त्यांच्या अकोल्याच्या भाच्याने, अश्विनने, हौसेखातर काढला होता. आता अश्विनला नोकरी होती, घरात रांगते पोर होते आणि मंचावर चार हजारांवर सभासद होते. कोणीतरी रिकामा माणूस लक्ष ठेवायला मिळाला तर बरे, असे तो एका लग्नाच्या पंगतीत बोलून गेला. दुसऱ्या दिवशी त्याला शेषरावांचा दोन पानी अर्ज आला, सोबत सेवापुस्तकातील नोंदींचा गोषवारा. अश्विनने "ओके मामा" एवढेच लिहिले. शेषरावांनी त्याची छापील प्रत काढली, वर 'मंजुरी आदेश' लिहिले आणि फाइलला लावली.

"तुमाले एक महिना देतो मामा," अश्विन फोनवर म्हणाला. "महिन्यानं लोकांले विचारू. ठेवा म्हणले तं ठेवू. फक्त त्या कूलरच्या धाग्याले हात नका लावू. सगळा मंच त्याच्यावरच चालते."

शेषरावांच्या नावाखाली निळ्या अक्षरांत 'विषय-व्यवस्थापक' असे उमटले. त्यांनी अश्विनला सांगून आधी 'प्रभारी' लावून घेतले, कारण थेट कायम होणे नियमात बसत नाही. आता हा 'प्रभारी' महिन्याभरात गळून पडावा, एवढीच त्यांची आयुष्याकडून उरलेली मागणी होती. आणि काम दाखवायचे तर कूलरच्या धाग्याइतके काम दुसरीकडे कुठेच नव्हते.

तीन उन्हाळ्यांपूर्वी अकोल्याच्या प्रीतम नावाच्या माणसाने तो उघडला होता. त्याला तिसऱ्याच उत्तरात कूलरच्या जाळीत भरायच्या गवताचे दुकान सापडले आणि तो निघून गेला. धागा मात्र थांबला नाही. बडनेऱ्याला गाडी किती लेट आहे, गुडघ्याला कोणता डॉक्टर चांगला, कोणाच्या पोरीचे जमले, बसमध्ये छत्री कोणाची राहिली, अमरावती जास्त तापते की अकोला, सगळे त्याच एका धाग्यात चालले होते. बारा हजार चारशे प्रतिसाद झाले होते. शेषरावांच्या पत्नी शालूबाई रोज दुपारी तिथेच असत, आणि वरूडच्या गोदाबाईंशी त्यांची अर्ध्या जन्माची असावी तशी ओळख तिथेच झाली होती, अजून एकदाही भेट न होता.

शेषरावांना हा धागा पाहून, आवराआवर न झालेल्या टेबलासमोर उभे राहिल्यासारखे वाटे. सरकारी कार्यालयात टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करतात: चालू, उत्तराच्या प्रतीक्षेतले, ठरावीक मुदतीने येणारे, कायमचे आदेश, अभिलेखात ठेवायचे आणि नाश करायचे. या सहा गठ्ठ्यांत न बसणारी गोष्ट शेषरावांनी नोकरीत पाहिली नव्हती. डोळ्यांत थेंब टाकत त्यांनी अकरा दिवसांत बारा हजार चारशे प्रतिसाद वाचले, सहा गठ्ठे केले, गठ्ठ्यांखाली सत्तेचाळीस विषय पाडले आणि नियम काढला: एका संदेशात एकच विषय. जास्त आढळल्यास संदेशाचे विभाजन करण्यात येईल.

पहिले विभाजन नत्थुजींच्या वाट्याला आले. गोदाबाईंनी संत्र्याची फळे गळत असल्याचे लिहिले होते. त्यावर नत्थुजींनी लिहिले, "बोर्डो फवारा बाई. अन् तुमच्या प्राजक्ताचं जमलं काय? नसन तं एक पोरगा आहे, बडनेऱ्याले रेल्वेत." शेषरावांनी याचे तीन तुकडे केले. बोर्डोचे औषध 'फलोत्पादन' या विषयात गेले. 'जमलं काय?' हे उत्तराच्या प्रतीक्षेत असल्याने दुसऱ्या गठ्ठ्यात गेले. उरलेले 'एक पोरगा आहे, बडनेऱ्याले रेल्वेत' हे 'परिवहन' विषयात लागले. तिथे संध्याकाळपर्यंत दोघांनी काळजीने विचारले, कोणत्या डब्यात आहे आणि त्याच्यासोबत कोणी मोठे माणूस नाही काय.

"अवो," शालूबाई मोबाइल पुढे करत म्हणाल्या, "माह्या वांग्याच्या भाजीचे चार तुकडे काहून केले?"

"तेल 'आरोग्य' विषयात जाते. वांगं 'भाजीपाला'त."

"अन् फोडणी?"

"फोडणी अभिलेखात आहे. शोध, भेटन."

"घरात स्वतःचा चष्मा भेटत नाही तुमाले," शालूबाई म्हणाल्या, "अन् लोकांच्या फोडण्या लपवून राहिले."

हळूहळू मंचावर शांतता पसरली. सभासद गठ्ठ्यांच्या दारापर्यंत येत, सत्तेचाळीस विषयांची यादी पाहत आणि परत जात. गोदाबाईंनी नत्थुजींना सरळ फोन लावला. विसाव्या दिवशी शेषरावांनी अश्विनला प्रगती अहवाल पाठवला: 'अनावश्यक मजकुरात ब्याण्णव टक्के घट.' अश्विनने विचारले, "आवश्यक मजकूर किती राह्यला मामा?" शेषराव म्हणाले, तो स्वतंत्र तक्त्यात देतो.

तक्ता करायला बसले तेव्हा त्यांना दिसले की एक विषय मात्र भरून वाहतो आहे. तो त्यांनीच काढला होता: 'वर्गीकरणाबाबत सूचना व हरकती'. नियमाप्रमाणे हरकत हलवता येत नाही, तोडता येत नाही, आणि लेखी निकाल दिल्याशिवाय बंदही करता येत नाही. हा नियम लोकांनी वाचला होता. मंचावर वाचला गेलेला तो एकमेव नियम.

"हरकत," नत्थुजींनी लिहिले होते. "काल आमच्या इकडे लय ऊन होतं."

"हरकत," खाली गोदाबाई. "प्राजक्ताले पोरगा पसंत आहे, पण पोराच्या आत्याचं अजून काही समजून नाही राह्यलं."

"हरकत," अकोल्याहून कोणी देवमन. "अकोलाच जास्त तापते."

तीनशे दहा हरकती होत्या. तीनशे अकरावी शालूबाईंची होती: "हरकत. गॅसवर दूध आहे. घरात कोणी असन तं पाहा."

शेषराव उठून दूध पाहून आले आणि कामाला लागले. एवढी प्रकरणे त्यांच्या टेबलावर एका वेळी कधीच आली नव्हती. प्रत्येक हरकतीला क्रमांक, प्रत्येकीला निकाल. 'हरकत क्र. ४७: ऊन हा विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. अमान्य. प्रकरण बंद.' 'हरकत क्र. ४८: आत्याचे म्हणणे मागवून फेरसादर करावे.' लोक एक वाक्य बोलत आणि त्याला कुलूप लागे. पुन्हा बोलायचे तर नवी हरकत. दोन माणसांना एकमेकांना 'जेवले काय?' विचारायला चार क्रमांक लागू लागले. शेषरावांना वाटले, मंचावर जिवंतपणा आला.

महिना भरला. अश्विनने ठरल्याप्रमाणे मतदान लावले: शेषराव वानखडे यांना कायम करावे काय? मतदान आठ दिवस चालणार होते. शेषरावांना दोन दिवस अन्न गोड लागले नाही. आपल्या बाजूने कोण आहे, याचा अंदाज घ्यायला त्यांनी बोटे मोजायला सुरुवात केली आणि अंगठ्यावरच अडकले. पण भीतीपोटी नियम मोडतील तर ते शेषराव कसले. मतदान हा आस्थापनेचा विषय, म्हणून त्यांनी ते उचलले आणि चौथ्या गठ्ठ्यात, कायमच्या आदेशांत, 'आस्थापना' या विषयाखाली, सोळाव्या ओळीत नेऊन ठेवले.

चार हजार एकशे बारा सभासदांपैकी नऊ जणांना ते सापडले.

निकाल लागला: पाच विरुद्ध चार. पाचातले एक मत शेषरावांचे स्वतःचे. एक शालूबाईंचे, ते त्या कणीक मळत असताना त्यांच्या मोबाइलवरून शेषरावांनीच दिले होते, आणि कळल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "मले विचारलं असतं तं चाराचे पाच झाले असते." नत्थुजी बोर्डो शोधत तिथे पोचले होते आणि समोर बटन दिसले म्हणून त्यांनी दाबले. उरलेले दोघे कोण हे कधीच कळले नाही.

"नियम म्हणजे नियम मामा," अश्विनने फोनवर उसासा टाकला आणि 'प्रभारी' काढून टाकला.

निळी अक्षरे आता आखूड आणि भारदस्त दिसत होती. शेषरावांनी त्यांचा फोटो काढला. मग भिंतीवरच्या घड्याळाखाली बसून आदेश लिहिला: आज मध्यान्हपूर्व त्यांनी कायम पदाचा कार्यभार स्वीकारला असून, सहा गठ्ठे अपुरे पडत असल्याने सातवा प्रस्तावित आहे, आणि आपल्या हयातीत या मंचावर एकही शब्द चुकीच्या जागी पडू दिला जाणार नाही. चार परिच्छेद झाले. पाठवल्यावर ते अभिनंदनाची वाट पाहत बसले. पंधरा मिनिटे गेली. अर्धा तास गेला. शालूबाई दोनदा येऊन त्यांच्याकडे पाहून गेल्या.

पावणेबाराला पहिला प्रतिसाद आला. गोदाबाईंचा.

"अभिनंदन साहेब. कायम झाले, लय बरं झालं. नोकरी कायम असली की माणूस निवांत झोपते. एक लहानसं काम होतं. तुमी दुपारी किती वाजतापासून किती वाजतापर्यंत झोपता, तेवढं इथं लिहून टाका न. तेवढ्यात आमी बोलून घेतो."