राजाही बसत नाही ते आसन

वाघाला सायकलच्या कॅरियरवर बसवून मी एटापल्लीहून आरमोरीपर्यंत आणलं, ही माझी गोष्ट आमच्या गावानं वीस वर्षं मान डोलावत ऐकली. वाघानं वाटेत चहा मागितला, तिथंही कोणी खोकलं नाही. पण चौऱ्याऐंशी साली मी आयुष्यातली एकमेव खरी गोष्ट सांगितली आणि तोंडघशी पडलो.

गोष्ट कोफीची. दुसऱ्या महायुद्धात मी ब्रह्मदेशात पलटणीची खच्चरं हाकायचो, तेव्हा आफ्रिकेतल्या असांते मुलखाचा हा शिपाई माझ्या शेजारी बसून भात खायचा. त्यानं सांगितलं, आमच्या पहिल्या राजाच्या मांडीवर आभाळातून सोन्याचं आसन उतरलं. साऱ्या लोकांचा जीव त्या आसनात, म्हणून राजाही त्यावर बसत नाही. इंग्रजांनी राजाला धरून समुद्रापार नेलं. मग १९०० साली त्यांचा गव्हर्नर म्हणाला, ते आसन आणा, मला बसायचं आहे. लोकांनी ते लपवलं आणि एका म्हाताऱ्या राजमातेनं लढाई मांडली. लढाई हरले, आसन दिलं नाही. पुढं सत्तावनात, आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या दुसऱ्याच वर्षी, कोफीचा देश स्वतंत्र झाला.

"बसाच्या इस्टुलासाठी बाई लढाई करते?" शेजारची सोनीबाई म्हणाली. "लहानूभाऊ, त्याच्यापरीस तुमचा वाघ बरा."

साऱ्या पारासमोर तिनं पैज लावली. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तोवर अशी बाई दाखवायची, नाहीतर वर्षभर गोष्ट सांगायची नाही. गोष्टीशिवाय मी म्हणजे नुसता बोळका म्हातारा.

नाटक मंडळीच्या श्रावणला मात्र गोष्ट भावली. मंडईच्या नाटकाला त्यानं तीच घेतली. राजमाता करणार होता नथ्थू; मिशी काढणार नाही, पदर तोंडावर घेईन, असं त्याचं म्हणणं. आसन म्हणून सोनीबाईनं घरचं स्टूल दिलं. गल्लीतल्या बायांनी दोन महिने सिगारेटच्या पाकिटांतला सोनेरी कागद गोळा केला आणि भाताच्या पेजेनं त्यावर चिकटवला. त्या कागदापायी गावात न ओढणारेही ओढू लागले.

मंडईच्या संध्याकाळी उद्घाटनाला पाहुणे आले. पोट आधी, मागून ते. हार घेतले, मंचावर चकाकतं आसन दिसलं, तसे तिकडे वळले. धोतर सावरून वाकले.

"थांबा जी."

सोनीबाई पहिल्या रांगेतून थेट मंचावर चढली होती. तिनं आसन उचलून छातीशी धरलं.

"याच्यावर राजाबी बसत नाई. तुमी काऊन बसून राह्यले?"

श्रावणनं हात जोडले, पाहुणे आहेत बाई, दे म्हणाला. ती आसनासकट उतरून कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्यामागं पळाली. बाकीच्या बाया उठल्या आणि वाट अडवून उभ्या राहिल्या. नथ्थू पदराआडून बघत राहिला. त्याचं काम परस्पर झालं होतं. पाहुणे आधी लाल झाले, मग पोट हलेस्तोवर हसले आणि खाली अंथरलेल्या बोऱ्यावर मांडी घालून बसले ते नाटक संपेपर्यंत.

मी काठी टेकत पुंजण्यामागं गेलो. विचारलं, इस्टुलासाठी लढणारी बाई दिसली का कुठी?

सुटलेला कागद ती नखानं दाबून बसवत होती. "दिसली," ती म्हणाली. "सांगा गोष्टी मरेपर्यंत. पण वाघाची खोटीच हाय."

तीही खरीच आहे. पायडल कोण मारत होतं, तेवढंच आता आठवत नाही.